हांडा वाकडा

आमच्या सात पिढ्यांत
कुणाचं भांडं वाकडं उतरलं नाही,
असं अण्णा म्हणायचे
आणि मग माझ्याकडे बघायचे.

मी सतराव्या वर्षी तांबट आळी सोडली.
मार बसायचा तिथं बसायचा नाही,
शेजारी बसायचा.
पुढं तेहेतीस वर्षं वीजमंडळात
पेठापेठांतून लोकांचे मीटर वाचले.
आकडे वाचण्यात मात्र कधी चूक नाही.

अण्णा गेल्यावर दिगंबरनं, चुलतभावानं,
कारखान्याच्या माळ्यावरून चोपड्या काढल्या.
"रद्दीवाला घेईना. तुला हव्यात?"
मेणकापडात गुंडाळलेल्या,
कडा उंदरांनी कुरतडलेल्या,
आत सगळी मोडी.

तेव्हापासून दर शनिवारी
सदाशिव पेठेतल्या एका शाळेत
चौथीच्या बाकात गुडघे कोंबून
मोडी शिकतो.
आधी पानभर आडवी रेघ,
मग तिला अक्षरं टांगायची, हात न उचलता.
ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही.
दोन शब्दांत जागाही नाही,
कसब्यातल्या घरांसारखे
एकमेकांच्या भिंतीला टेकून उभे.
तीन आठवडे मी 'बाकी'ला 'बकरी' वाचत होतो
आणि नवल करत होतो,
तांब्याच्या धंद्यात एवढ्या बकऱ्या कशाला.

मग काल रात्री, जेवणं झाल्यावर, भिंगाखाली:
'शके १७९४, अंगिरा नाम संवत्सरे,
मार्गशीर्ष वद्य पंचमी.
सटवाजी वडके. हांडा वाकडा.
मजुरीपैकी वजा आणे दोन.'

पुन्हा वाचलं. 'वाकडा'च होतं.
मोठ्यानं वाचलं.
मोरीतून बायको म्हणाली,
"कोण वाकडं?"

पौषात सटवाजी, घागर, बूड बसत नाही.
माघात सटवाजी, तपेलं, पोचा.
फाल्गुनात पुन्हा सटवाजी,
आता लिहिणाराही कंटाळलेला,
नुसतं 'नित्याप्रमाणे'.

मी हसत सुटलो.
हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला.
अण्णांना तोंडपाठ असलेल्या वंशावळीत
रखमाजीनंतर थेट तुळाजी.
मधला हा एक गडी
अलगद उचलून ठेवलेला,
बिघडलेलं भांडं गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून
फळीमागं सारतात तसा.

चैत्रात अक्षर बदलतं.
आधीचं घाईचं, फाटक्या बोरूचं.
हे सावकाश, गोल,
आणि वरची रेघ अशी सरळ
की दोन्ही टोकांना धरून ताणलीय.
पहिलीच नोंद:
'आजपासोन हिशेब लिहिणे सटवाजी याजकडे.'

म्हणजे गेल्या महिन्यात
मी सहज नेलेल्या एका पानाची झेरॉक्स
निमकरबाईंनी फळ्यावर चिकटवली,
"अक्षर बघा, असं आलं पाहिजे" म्हणाल्या,
आणि आम्ही पंधरा जण माना खाली घालून
गिरवत बसलो,
ते याचं.

पुढं अकरा वर्षं तोच लिहितो.
कुणाची मजुरी कापावी लागली
तर कारण पुरतं लिहितो,
'नित्याप्रमाणे' एकदाही नाही.
'तुळाजी बिन सटवाजी, वय वर्षे नऊ, भात्यावर.'
इथं शाई जरा दाट आहे.
आणि एका पानाच्या कडेला, हिशेबाबाहेर:
'सटवाजी. गडू एक. बरा उतरला.'
कुणी घेतला, कितीला, काही नाही.
खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक.

सकाळी बस बदलत तांबट आळी गाठली.
हातोड्यांच्या गदारोळात
दिगंबरच्या कानापाशी ओरडून सांगितलं,
"अरे, आपल्यात एक वाकडा होता!"
"काय?"
"वाकडा! आपल्या घराण्यात!"

त्यानं हात थांबवला नाही.
घंगाळ अर्धा इंच फिरवलं, ठोका दिला, म्हणाला,
"होता काय,
समोर उभाय की."